रूआँ, १४३१: सहा दिवसांत चितेपर्यंत

काल्पनिक मध्ययुगीन राज्यांच्या कथांत राजाने खूण केली की मुंडके उडते. खऱ्या मध्ययुगात असे सहसा घडत नसे. तिथे कायदा होता, आणि तो बारीकसारीक होता. आरोपीला कुठे ठेवायचे, शिक्षा कोणी सुनावायची, अंमल कोणी करायचा, हे सारे ठरलेले होते. म्हणूनच जोन ऑफ आर्कचा शेवट तासातासाने पाहायला हवा. तिच्या वाट्याला कायदा आला नाही असे नाही. तिला वाचवू शकणारे त्यातले एकेक कलम तेवढे बाजूला काढण्यात आले.

वायव्य फ्रान्समधले रूआँ तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते. २३ मे १४३० रोजी कोंपिएन्यपाशी बर्गंडीच्या सैन्याने फ्रान्सच्या राजासाठी लढणाऱ्या जोनला पकडले आणि १०,००० लिव्हरच्या मोबदल्यात ती इंग्रजांच्या हाती आली. आदल्या वर्षी, १७ जुलै १४२९ रोजी, तिच्याच पुढाकाराने फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स याचा रँस येथे राज्याभिषेक झाला होता. ती पाखंडी ठरली तर त्या अभिषेकालाही डाग लागणार होता. इंग्रजांचा राजा सहावा हेन्री नऊ वर्षांचा होता, निर्णय त्याच्या नावाने मोठी माणसे घेत होती. न्यायाधीश म्हणून पुढे आला बोव्हेचा बिशप पिएर कोशाँ. सोबतीला उप-धर्मपरीक्षक जाँ लमेत्र. २१ फेब्रुवारी १४३१ला पहिली जाहीर सुनावणी झाली. आरोपांची ७० कलमे पुढे १२वर आणली गेली. आरोपी सुमारे १९ वर्षांची, लिहिता-वाचता न येणारी, आणि तिला वकील नव्हता.

गुरुवार, २४ मे, सकाळ: सहा दिवस आधी

सेंट-उआँ मठाच्या दफनभूमीत दोन मचाणे उभारली आहेत. एकावर न्यायाधीश, दुसऱ्यावर जोन. गियोम एरार प्रवचनातून तिला आणि तिच्या राजाला दूषणे देतो. जोन राजाची बाजू घेते आणि आपले प्रकरण पोपकडे न्यावे अशी मागणी करते. पोप फार दूर आहे, असे उत्तर मिळते. अपिलाची वाट इथेच बंद होते.

कोशाँ निकालपत्र वाचू लागतो. वाचन अर्ध्यावर असताना जोन नमते. न्यायालयीन कर्मचारी जाँ मास्यू तिला चूक कबूल करणारे शपथपत्र वाचून दाखवतो आणि ती त्यावर खूण करते. तो कागद सहा-सात ओळींचा होता, असे प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी पुढे सांगितले. खटल्याच्या दप्तरात लागलेले शपथपत्र त्याच्या कितीतरी पट लांब आहे.

शिक्षा बदलते. आता जन्मठेप.

२४ मे, दुपार

या घटकेला जोनला जाळणे कायद्याने शक्य नाही. चूक कबूल करून चर्चच्या आश्रयाला परत आलेल्या माणसाला मृत्यूसाठी राजसत्तेच्या हाती देता येत नसे. तो पुन्हा त्याच पाखंडाकडे वळला तरच ती वाट उघडे.

म्हणून पुढचा निर्णय सगळ्यात घातक ठरतो. चर्चने दोषी ठरवलेली स्त्री चर्चच्या तुरुंगात, स्त्रियांच्या देखरेखीखाली असायला हवी. जोनचीही तीच अपेक्षा आहे. कोशाँ मात्र तिला जिथून आणले तिथेच परत न्यायला सांगतो. म्हणजे किल्ल्यातल्या कोठडीत, पायांत बेड्या, पहाऱ्याला इंग्रज शिपाई आणि त्यांतले काही रात्रीही कोठडीच्या आत. किल्ल्याचा ताबा वॉरिकच्या अर्लकडे आहे. पुरुषी वेश हाही तिच्यावरच्या आरोपांपैकी एक होता, म्हणून जोन स्त्रीचा पोशाख घालते. तिचा जुना पुरुषी पोशाख त्याच खोलीत राहतो.

रविवार, २७ मे: तीन दिवस आधी

किल्ल्यातून बातमी फुटते की जोनने पुन्हा पुरुषी कपडे घातले. ते कसे घडले याबद्दल पुढे साक्षी झाल्या. मास्यूच्या म्हणण्यानुसार पहारेकऱ्यांनी तिचा स्त्रीवेश काढून घेतला आणि पुरुषी कपडे पुढे टाकले. मार्तां लादव्हेनू या डॉमिनिकन पाद्र्याने सांगितले की कोठडीत तिच्यावर बळजबरीचा प्रयत्न झाला होता. तपशील वेगवेगळे असले तरी मुळाशी एकच गोष्ट आहे: ती ज्या कोठडीत असायला नको होती, त्या कोठडीत होती.

सोमवार, २८ मे: अठ्ठेचाळीस तास आधी

कोशाँ आणि लमेत्र कोठडीत येतात. पुरुषी वेश का घातला, असे विचारतात. अधिकृत नोंदीतले तिचे उत्तर स्पष्ट आहे. पुरुषांमध्ये राहायचे तर हाच वेश बरा. शिवाय मिस्साला जाऊ देऊ, बेड्या काढू, हा शब्द पाळला गेलेला नाही. या दोन गोष्टी दिल्या आणि चांगल्या तुरुंगात ठेवले तर चर्च सांगेल तसे वागेन.

खटला वाचवण्याची ही शेवटची साधी वाट होती. तिच्या अटींमध्ये अवास्तव काही नव्हते. बहुतेक गोष्टी तिला नियमानेच मिळायला हव्या होत्या.

मग ते दुसरा प्रश्न विचारतात: आपल्याला ऐकू येतात असे ती सांगत आली होती, त्या दैवी आवाजांनी पुन्हा काही सांगितले का? ती होय म्हणते. आवाज तिला सांगतात की जीव वाचवण्यासाठी तिने दिलेली कबुली हा विश्वासघात होता. लेखनिक या उत्तरापाशी समासात नोंद करतो: प्राणघातक उत्तर.

बाहेर पडताना कोशाँने वॉरिकला आणि इतर इंग्रजांना आनंदाने काम झाल्याचे कळवले, अशी साक्ष पुढे नोंदली गेली.

मंगळवार, २९ मे: चोवीस तास आधी

आर्चबिशपच्या वाड्यातल्या प्रार्थनागृहात सुमारे चाळीस धर्मशास्त्री आणि कायदेपंडित जमतात. फेकाँचा मठाधिपती मत मांडतो: जोन पुन्हा पाखंडात गेली आहे हे खरे, पण शपथपत्र तिला पुन्हा वाचून दाखवावे, समजावून सांगावे, आणि मगच पुढे जावे. उपस्थितांपैकी बहुसंख्य त्याला दुजोरा देतात.

या मंडळींचे मत न्यायाधीशांवर बंधनकारक नाही. कोशाँ आभार मानतो आणि बैठक संपवतो. शपथपत्र पुन्हा वाचले जात नाही. मास्यूच्या हाती समन्स दिले जाते: उद्या सकाळी आठ वाजता जोनला जुन्या बाजारचौकात हजर करावे.

त्या खोलीतली बहुतेक माणसे घाई करू नका म्हणत होती. तरीही, ऐकले गेले नाही तेव्हा कोणी उठून बाहेर पडला नाही.

बुधवार, ३० मे, सकाळ: काही तास आधी

लादव्हेनू आणि तरुण पाद्री जाँ तूमुये कोठडीत येतात. आज जाळणार, हे तिला आता कळते. तूमुयेच्या साक्षीनुसार ती केस ओढत रडली. जाळण्यापेक्षा सात वेळा शिरच्छेद झालेला बरा, असे म्हणाली. कोशाँ आला तेव्हा तिने त्याला तोंडावर सांगितले की माझ्या मरणाला तू कारण आहेस. मला चर्चच्या तुरुंगात ठेवले असते तर हे घडले नसते. साऱ्या खटल्याचे मर्म तिने, वकिलाविना, त्या क्षणी अचूक मांडले.

लादव्हेनू तिचे पापनिवेदन ऐकतो. ती ख्रिस्तप्रसाद मागते. पुन्हा पाखंडात गेलेली म्हणून जिला तासाभरात बहिष्कृत करायचे आहे, तिला तो द्यायचा कसा? कोशाँकडे विचारणा होते. जे मागेल ते द्या, असा निरोप येतो. ती चर्चची शत्रू आहे असे तो खरोखर मानत होता का, असा प्रश्न हा निरोप उभा करतो.

सुमारे ९ वाजता

स्त्रीवेशातली जोन गाडीतून बाजारचौकाकडे नेली जाते. भोवती शेकडो सशस्त्र इंग्रज. चौकात न्यायाधीशांसाठी मचाणे आहेत आणि चुन्याने बांधलेल्या उंच चौथऱ्यावर लाकडे रचलेली आहेत. निकालाआधीच लाकडे रचली गेली होती. निकोला मिदी प्रवचन देतो. जोन गुडघे टेकून प्रार्थना करते, आपल्याला छळणाऱ्यांनाही क्षमा करते. मास्यूच्या आठवणीप्रमाणे हे अर्धा तास चालले. न्यायाधीशांपैकीही कित्येक रडले.

कोशाँ अंतिम निकाल वाचतो: चर्च हिला आपल्यातून वेगळे करून राजसत्तेकडे सोपवत आहे. मृत्यू आणि अंगविच्छेद टाळावा, ही ठरीव विनंतीही त्यात आहे.

शेवटची मिनिटे

आता कायद्यानुसार रूआँच्या बेलीने, म्हणजे राजाच्या न्यायाधिकाऱ्याने, प्रकरण हाती घेऊन स्वतःची शिक्षा सुनावायला हवी. चर्च जीव घेऊ शकत नाही, राजसत्ता घेऊ शकते, पण निकाल देऊनच. शिपाई अधीर झालेले आहेत. दुपारचे जेवण इथेच घ्यायला लावता का, असे ते मास्यूवर ओरडतात. बेली हात हलवतो, घेऊन जा. शिक्षा सुनावलीच जात नाही.

हा केवळ तांत्रिक दोष नव्हता. काही काळाने त्याच शहरात चर्चने आणखी एक गुन्हेगार राजसत्तेकडे दिला. त्याला रीतसर न्यायालयात नेऊन शिक्षा सुनावण्यात आली. नियम सर्वांना ठाऊक होता. जोनच्या वेळी तो वापरला नाही.

ती क्रूस मागते. एक इंग्रज दोन काटक्यांचा क्रूस करून देतो. इझाँबार द ला पिएर शेजारच्या चर्चमधला क्रूस आणून तिच्या नजरेसमोर उंच धरतो. चौथरा इतका उंच आहे की जल्लाद झोफ्रुआ तेराझला वर पोहोचून तिचे हाल कमी करता येत नाहीत. ज्वाळांतून ती येशूचे नाव घेत राहते. नंतर राख सीन नदीत टाकली जाते, अवशेष म्हणून कोणी काही जपू नये म्हणून.

त्यानंतर

७ जून रोजी न्यायाधीशांनी मागाहून एक जबानी तयार केली. जोनने शेवटच्या सकाळी आपल्या आवाजांना खोटे म्हटले, असे त्यात लिहिले होते. मुख्य लेखनिक गियोम मांशाँने त्यावर सही केली नाही. तो त्या चौकशीला हजर नव्हता, आणि जे आपण ऐकले नाही त्याला तो साक्षांकन देणार नव्हता. त्याच महिन्यात सहाव्या हेन्रीच्या नावाने न्यायाधीशांना संरक्षणपत्रे देण्यात आली. बिनचूक न्याय करणाऱ्याला असल्या पत्रांची गरज पडत नाही.

१४५० साली, रूआँ फ्रेंचांकडे परत आल्यावर, चौकशी सुरू झाली. मांशाँ, मास्यू, लादव्हेनू, इझाँबार, सगळे बोलले. जोनची आई इझाबेल रोमे हिने १४५५मध्ये पॅरिसला जाहीरपणे न्याय मागितला. ७ जुलै १४५६ रोजी रूआँमध्येच मूळ खटला रद्दबातल ठरवला गेला. कोशाँ १४४२मध्येच मेला होता. चर्चने जोनला संत घोषित केले १९२० साली.

नव्या निकालामागे सातव्या चार्ल्सचाही स्वार्थ होता, आणि पकडलेल्या जोनला सोडवण्यासाठी त्याने ठोस काही केल्याचे दिसत नाही, हे विसरता कामा नये. तरीही तो निकाल टिकला, कारण त्याला आधार होता जुन्या खटल्याच्या दप्तराचा. चुकीचा तुरुंग, डावललेले अपील, दुर्लक्षिलेले बहुमत, न दिलेली शिक्षा, यांतले बरेच काही त्याच न्यायालयाच्या कागदांत होते, उरलेले साक्षीदारांच्या तोंडून आले.

या सहा दिवसांतून मला एवढेच ठामपणे सांगावेसे वाटते. आरोपी कोणाच्या कोठडीत आहे, त्याच्या वतीने कोण बोलतो, अपील कुठे जाते आणि नोंद कोण ठेवतो, या बाबी प्रशासनाच्या किरकोळ बाबी समजू नयेत. न्याय याच गोष्टींचा बनलेला असतो. त्या चारांपैकी तीन रूआँमध्ये गेल्या आणि एक माणूस जिवंत जळाले. चौथी राहिली, म्हणून २५ वर्षांनी का होईना, तो अन्याय होता असे न्यायालयालाच म्हणावे लागले. ज्या सत्तेला मनाजोगता निकाल हवा असतो, तिचा हात आधी याच चार गोष्टींवर पडतो. पहारा तिथेच ठेवला पाहिजे, आणि तो पहिल्या दिवसापासून.