विजापूरचा घोडा

सकाळची कामं आवरली की मी व्हरांड्यात जुनी वर्तमानपत्रं पसरते आणि चार पेल्यांवर कॅनव्हास ठेवते. पांढरा, काळा आणि आमच्या सड्याच्या मातीसारखा तांबडा, असे पातळ केलेले ॲक्रिलिक रंग एकाच कपात एकावर एक सोडते, कप कॅनव्हासवर उपडा करते आणि उचलते. मग दोन्ही हातांनी कॅनव्हास हळूहळू कलता करत राहायचं. तेवढा वेळ मोपाच्या विमानतळावर उतरणारं विमानही मला ऐकू येत नाही.

हे परदेशी खूळ आहे, असं घरी येणारे म्हणतात. ॲक्रिलिक तिकडचं, हे खरं. रंग ओतण्याचा प्रयोगही तिकडे झाला. १९३६ साली मेक्सिकोचा चित्रकार सिकेरोस न्यूयॉर्कच्या आपल्या कार्यशाळेत मोटारींना लावायचे रंग फळीवर ओतत होता आणि तरुण चित्रकार जॅक्सन पोलॉक तिथे शिकत होता. जड रंग हलक्यावर पडला की खाली उतरतो, हलका त्यातून वाट काढत वर येतो, आणि जाळी उमटते. माझ्या कॅनव्हासवर पांढऱ्यातून काळा डोकावतो तो याच कारणानं.

पण वाहत्या रंगावर भरवसा ठेवायची रीत आमच्याही मुलखाला परकी नाही. आमचा हा पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. त्याच्या दीडशे वर्षं आधी इथे आदिलशाहीचा अंमल होता, आणि त्याच काळात विजापुरात अब्रीची चित्रं होत होती. अब्र म्हणजे फारसीत ढग. दाट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवायचे, काडीनं किंवा फणीनं हलवायचे आणि वर कागद अलगद टेकवायचा. एका कागदावर उमटलेली नक्षी दुसऱ्यावर पुन्हा तशीच येत नाही.

विजापूरच्या कारागिरांनी यापुढची मजल मारली. कागदाचा जो भाग कोरा हवा तो झाकून ठेवायचा आणि उरलेल्या आकारातच ढग उतरू द्यायचे. अशी १६२५ च्या सुमाराची एक अब्री न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे : बरगड्या दिसणारा घोडा आणि त्याच्यावर तसाच हडकुळा स्वार. सूफींच्या लेखी असा रोडावलेला घोडा म्हणजे मनुष्याचा नफ्स, उपासानं ताब्यात आणलेली वासना. त्या चित्राचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. रंग मोकळा सोडलेला आणि घोडा मात्र रेषेच्या आत. कॅनव्हास कलता करताना माझ्या मनगटांची धडपड असते तीही हीच.

गेल्या आठवड्यात मी कागदाचा बैल कापून कॅनव्हासवर चिकटवला आणि वरून रंग ओतला. शिंगाच्या टोकाशी रंग आत शिरला. श्रावणाची हवा दमट, त्यामुळे तो अजून पुरता वाळलेला नाही. दुसरा बैल कापून ठेवलाय, या खेपेला शिंगं जरा आखूड.