परदेशातही जमेल तांबडा-पांढरा

शिक्षण वा नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्या कोल्हापूरकराच्या सामानात घरच्या चटणीची पिशवी हमखास असते. ती संपली की तांबडा-पांढरा रस्सा, मिसळ आणि भाकरी यांची उणीव भासू लागते. मोठ्या शहरांतील भारतीय दुकानांत बरेच जिन्नस मिळतात. लहान गावी मात्र पर्याय शोधावा लागतो. तो शोधताना जिन्नसाच्या नावापेक्षा पदार्थातील त्याचे काम पाहावे. रंग, तिखटपणा, दाटपणा आणि सुगंध यांचा वेगवेगळा विचार केल्यास पर्याय सापडणे सोपे जाते.

चटणी

कोल्हापुरात 'चटणी' म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात तो वर्षभरासाठी कांडून ठेवण्याची येथील रीत आहे. त्यात ब्याडगी मिरची प्रामुख्याने रंग देते, तर लवंगीसारखी मिरची तिखटपणा. अमेरिकेत मेक्सिकन दुकानांतील ग्वाहियो मिरची ब्याडगीच्या, तर आर्बोल मिरची लवंगीच्या जागी वापरता येते. युरोपात गोड पॅप्रिका तीन भाग व केयेन पूड एक भाग घेऊन सुरुवात करावी आणि चवीनुसार प्रमाण बदलावे. धुरावलेली पॅप्रिका टाळावी. तिचा वास रश्शावर मात करतो. सुक्या खोबऱ्याऐवजी साखर न घातलेला खोबऱ्याचा कीस मंद आचेवर भाजून घ्यावा. दगडफुलाला मात्र समाधानकारक पर्याय नाही.

खसखशीबाबत सावधान

पांढऱ्या रश्शाला दाटपणा देणारी खसखस संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे निषिद्ध आहे. खसखस अफूच्या बोंडातून मिळत असल्याने तेथे तिची गणना अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात होते. ती सामानात सापडल्यास अटकेचा प्रसंगही ओढवू शकतो. घरगुती चटणीतही अनेकदा खसखस असते, हे प्रवासी विसरतात. म्हणून या देशांत न्यावयाची चटणी खसखस वगळून, तिळाचे प्रमाण वाढवून वेगळी कांडून घ्यावी. पांढऱ्या रश्शासाठी काजू, मगजबी आणि पांढरे तीळ वाटून लावल्यास दाटपणा चांगला येतो. डब्यातील नारळाचे दूध वापरताना ते शेवटी घालावे व रस्सा खळखळून उकळू देऊ नये, अन्यथा तो फुटतो.

मटण

आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचे मांस. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात त्याच नावाने मेंढीचे मांस मिळते. बोकडाच्या मांसासाठी हलाल दुकानांत चौकशी करावी. कोकराचे मांस वापरल्यास अळणी पाणी गार करून वर साकळलेली चरबी काढून टाकावी, म्हणजे रस्सा तेलकट होत नाही.

भाकरी, गूळ आणि मिसळ

ज्वारीत ग्लुटेन नसल्याने तिचे पीठ पाश्चात्त्य देशांतील आरोग्यविषयक दुकानांत सॉर्गम या नावाने मिळते. जुन्या पिठाची विरी गेलेली असते व भाकरी थापताना तुटते. अशा वेळी उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढून ती मळावी.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या सर्वात जवळचे पर्याय म्हणजे कोलंबियाचा पानेला आणि मेक्सिकोचा पिलोन्सिलो; दोन्ही उसाच्या रसापासूनच होतात. बाजारातील तपकिरी साखर ही बहुधा पांढऱ्या साखरेत मळी मिसळून केलेली असते, त्यामुळे पुरणाला गुळाची चव येत नाही.

मिसळीसाठी मटकी न मिळाल्यास मोड आलेले मूग किंवा अख्खी मसूर चालते. पावाची अडचण तर मुळीच नाही, कारण कोल्हापुरात मिसळ स्लाइस ब्रेडबरोबरच खाल्ली जाते.

निघण्यापूर्वी

ऑस्ट्रेलियात उतरताना सोबतचे सर्व खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. युरोपीय संघात मांस व दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. नियम बदलत असल्याने त्या देशाच्या सीमाशुल्क खात्याची ताजी माहिती पाहावी. घरच्या चटणीतील जिन्नसांची यादी प्रमाणासह लिहून घ्यावी. तपासणीच्या वेळी ती दाखवता येते आणि पिशवी रिकामी झाल्यावर नवी चटणी करण्यास तीच उपयोगी पडते.