शेंगदाण्याचे पीठ, यकृत आणि हैदराबादचे प्रयोग

1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मरण पावले. शोध घेता घेता माग त्यांच्या खाद्यातील, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला. पेंडीवर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने निर्माण केलेले विष पक्ष्यांचे यकृत नष्ट करत होते. त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले.

भारतासाठी ही वार्ता विशेष चिंतेची होती. त्या काळी कुपोषित मुलांना स्वस्त प्रथिने पुरवण्याची मोठी भिस्त शेंगदाण्याच्या पिठावर होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘बहुउद्देशीय अन्ना’त तीन भाग शेंगदाण्याचे पीठ आणि एक भाग हरभऱ्याचे पीठ असे. ज्या अन्नाने मुलांना वाचवायचे, त्यातच यकृताचे विष असेल तर? आणि प्रथिनांअभावी आधीच दुबळे झालेले यकृत ते विष कितपत सोसू शकेल?

हे प्रश्न हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेने हाती घेतले. 1918 मध्ये कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केलेले हे कार्य 1958 मध्ये हैदराबादला आले होते. पुढे हीच प्रयोगशाळा राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. डॉ. सी. गोपालन तिचे संचालक होते. माधवन, तुळपुळे आणि गोपालन यांनी माकडांच्या पिल्लांना अफ्लाटॉक्सिन देऊन यकृतावरील परिणाम नोंदवले. मग उंदरांच्या पिल्लांचे दोन गट करण्यात आले. एका गटाच्या आहारात केसीन हे दुधातील प्रथिन होते 20 टक्के, दुसऱ्याच्या आहारात फक्त 5 टक्के. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे होता. प्रथिने कमी मिळालेल्या पिल्लांच्या यकृताची हानी अधिक झाली. प्रथिने यकृताचे रक्षण करतात, असेच कोणीही म्हटले असते.

परंतु माधवन आणि गोपालन तेथे थांबले नाहीत. त्यांनी विषाची मात्रा लहान ठेवून प्रयोग दीर्घकाळ चालवला. 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चित्र उलटले. 20 टक्के केसीन खाणाऱ्या अनेक उंदरांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी आढळल्या; 5 टक्के गटातील जे उंदीर तग धरून राहिले, त्यांच्यात त्या आढळल्या नाहीत. मात्र त्या गटातील बरेच उंदीर आधीच मरण पावले होते.

हे कोडे पुढील संशोधनाने बरेचसे उलगडले. यकृतातील काही विकरे अफ्लाटॉक्सिनचे रूपांतर डीएनएला चिकटणाऱ्या अधिक घातक रेणूत करतात. प्रथिनांची वाण पडली की ही विकरेही मंदावतात आणि डीएनएवरील घाव कमी होतात. पण त्याच वेळी विष निष्प्रभ करणारे ग्लुटाथायोन घडवण्यासाठी आणि मेलेल्या पेशी भरून काढण्यासाठी लागणारी सामग्रीही अपुरी पडते. चांगले पोसलेले यकृत विषातून तगते. परंतु तगलेल्या, जोमाने विभागणाऱ्या पेशींतच कर्करोगाला वाव मिळतो.

या इतिहासाचे पुढचे पान प्रयोगशाळेबाहेर लिहिले गेले. 1974 च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन 397 जणांना यकृताचा तीव्र आजार झाला. 106 जण दगावले. रुग्ण बहुतांश गरीब आदिवासी कुटुंबांतील होते. तेच अन्न खाणारे कुत्रेही मेले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पथकाला त्या मक्यात किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. शेंगदाण्याच्या पिठासाठी 1966 मध्ये सुचवलेली आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 0.03 मिलिग्रॅम होती, म्हणजे हे प्रमाण तिच्या दोनशेपट किंवा त्याहूनही अधिक!

1968 चा तो प्रयोग पुढे ‘प्रथिनांमुळे कर्करोग होतो’ या मताच्या समर्थनार्थ वारंवार सांगितला गेला. आधीच मेलेल्या उंदरांचा उल्लेख मात्र अनेकदा गळाला. आजही एखादा पोषक घटक ‘यकृताचे रक्षण करतो’ अशी बातमी वाचताना चार प्रश्न विचारावेत. कोणत्या विषापासून? किती मात्रेत? किती काळ? आणि प्रयोग संपण्यापूर्वी मेलेल्यांची मोजदाद झाली का? बांसवाड्याच्या त्या कुटुंबांना तर कोणत्याही पोषक घटकाआधी हवे होते ते कोरडे, सुरक्षित धान्य.