नागपूरची समीकरणे, नांदेडचे क्ष-किरण
कृष्णद्रव्याच्या, म्हणजे प्रकाश न देणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याच्या, महाराष्ट्रातील अभ्यासाचा इतिहास पाहू गेल्यास नागपूर काहीसे बाजूला उभे दिसते. चंद्रशेखर वेंकट रामन वित्त खात्याच्या नोकरीत असताना 1910च्या सुमारास काही काळ या शहरात होते आणि 1992मध्ये येथे सुरू झालेल्या विज्ञान केंद्राला त्यांचेच नाव आहे. त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण 23 जुलै 1999 रोजी अवकाशात गेली, पण हा केवळ नात्याचा योग असून त्याचे श्रेय शहराच्या पदरी टाकण्यात अर्थ नाही.

नागपूरची खरी परंपरा कागदावरची होती. विद्यापीठाच्या गणित विभागात टी. एम. कराडे यांच्यासारख्या अध्यापकांनी सापेक्षतावादाचे संशोधन केले, आणि आइन्स्टाइनच्या क्षेत्रसमीकरणांची, म्हणजे द्रव्य व अवकाशकालाची वक्रता यांची सांगड घालणाऱ्या समीकरणांची, नेमकी उत्तरे शोधण्यात नागपूर-अमरावतीच्या गणितज्ञांनी अनेक वर्षे खर्ची घातली. या कामाला वेधशाळा लागत नसल्यामुळे तुटपुंज्या साधनांच्या महाविद्यालयांतही ते चालू शकले.

निरीक्षणाची वाट निराळी होती. कोमा दीर्घिकासमूहातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरतात की दिसणाऱ्या द्रव्याच्या बळावर तो समूह एकत्र राहूच शकणार नाही, हे फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933मध्ये दाखवले होते. नंतर 1970मध्ये सोडलेल्या ‘उहुरू’ उपग्रहामुळे अशा समूहांतून सर्वदूर पसरलेले क्ष-किरण येतात असे दिसले आणि दीर्घिकांमधील पोकळीत कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला आहे, हे पुढे स्पष्ट झाले. वायूचा बाहेर ढकलणारा दाब आणि आत ओढणारे गुरुत्वाकर्षण यांच्या समतोलाला द्रवस्थितिक समतोल म्हणतात. तो गृहीत धरला की क्ष-किरणांवरून काढलेली वायूची घनता आणि तापमान यांच्या आधारे समूहाचे एकूण वस्तुमान मिळते. वायू ताऱ्यांच्या कित्येक पट भरतो, तरी दोन्ही मिळून एकूण वस्तुमानाचा साधारण सहावा हिस्साच होतो. उरलेले सारे कृष्णद्रव्य.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात हैदराबादहून फुगे सोडून क्ष-किरण खगोलशास्त्राला आरंभ केला खरा, पण फुगा चाळीसेक किलोमीटर उंच गेला तरी त्याच्यावर उरलेली हवा कमी ऊर्जेचे क्ष-किरण शोषून घेते, आणि दीर्घिकासमूहांचे बहुतेक क्ष-किरण नेमके त्याच ऊर्जेचे असतात. त्यामुळे उत्तम शोधक घडवण्याचे कसब असूनही या शास्त्रज्ञांना हंस तारकासमूहातील ‘सिग्नस एक्स-1’सारख्या प्रखर स्रोतांवर समाधान मानावे लागले; संस्थेने घडवलेली मृदू क्ष-किरण दुर्बीण ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरून 28 सप्टेंबर 2015 रोजी कक्षेत गेली, तेव्हा ती अडचण दूर झाली.

दरम्यान दुसरा, अधिक परिणामकारक मार्ग उघडला होता. विद्यापीठांतील अध्यापकांना अद्ययावत साधने मिळावीत यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 1988मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन केली आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले; पुढे ‘चंद्रा’ची निरीक्षणे सामान्यतः वर्षभराच्या राखीव मुदतीनंतर सर्वांना खुली होऊ लागली. परिणामी दुर्बिणीच्या मालकीवाचून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील संशोधकांना दूरच्या दीर्घिकासमूहांवर काम करता आले. समूहाच्या केंद्रातील कृष्णविवरातून निघणारे झोत भोवतीचा वायू बाजूला सारतात व क्ष-किरणांच्या चित्रात अंधुक पोकळ्या दिसतात. त्यांचा अभ्यास हा या गटाचा मुख्य विषय ठरला.

हा विषय कृष्णद्रव्यापासून दूर भासला तरी तसा नाही, कारण झोतांनी वायू ढवळला गेला की समतोलाचे गृहीतक ढळते आणि त्यावर काढलेले वस्तुमान चुकू शकते. 2016मध्ये ‘हितोमी’ या जपानी उपग्रहाने ययाती तारकासमूहातील दीर्घिकासमूहाच्या गाभ्यात वायूची खळबळ सेकंदाला सुमारे 160 किलोमीटर मोजली, म्हणजे तिथला ढवळण्याचा दाब उष्णतेच्या दाबाच्या जेमतेम चार टक्के होता. पण महिनाभरातच तो उपग्रह निकामी झाला, आणि इतर समूहांचे तसेच मोजमाप 2023मध्ये सुटलेल्या ‘क्रिझम’ उपग्रहावर येऊन पडले.