अंगवळणी पडलेला डाव

२६ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेतल्या लिंकन शहरात नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ कोलोरॅडोकडून २०–२६ असा हरला. हंगामाचा हिशेब ५ विजय आणि ६ पराभव असा पुरा झाला. विजयांपेक्षा पराभव अधिक, असे या संघाच्या बाबतीत १९६१ नंतर प्रथमच घडले. हंगामाअखेर चांगल्या संघांना जे मानाचे सामने खेळायला बोलावले जाते, त्यांचे सलग ३५ हंगाम येणारे आमंत्रणही त्या वर्षी चुकले.

आदल्या वर्षी याच संघाने १० सामने जिंकले होते. मैदान तेच, प्रेक्षक तेच, खेळाडूंपैकीही बरेचसे तेच. बदलली होती ती आक्रमणाची पद्धत आणि ती शिकवणारी माणसे. या एका वर्षाचा विचार मला करावासा वाटला, कारण एखादे कसब एका पिढीकडून दुसरीकडे कसे जाते आणि कुठे तुटते, हा माझ्या वाचनाचा जुना विषय आहे. विणकर किंवा लोहार आपल्या चुका लिहून ठेवत नाही. विद्यापीठीय फुटबॉलमध्ये मात्र दर शनिवारचा निकाल, प्रत्येक फेक, प्रत्येक यार्ड नोंदलेला असतो. हा खेळ मी कधी खेळलेलो नाही. जे लिहितो आहे ते नोंदी वाचून आणि जुने सामने पाहून.

आधी खेळाविषयी थोडेसे. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. दोन्ही बाजूंना ११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार. नाही झाले तर चेंडू समोरच्यांकडे. प्रत्येक प्रयत्न म्हणजे आधी ठरवलेला एक डाव. डावाची सूत्रे क्वार्टरबॅकच्या हाती असतात. त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात, त्यांना लाईनमन म्हणतात. पुढे सरकण्याचे मार्ग दोन : चेंडू घेऊन धावणे किंवा पुढच्या साथीदाराकडे तो फेकणे. कोणता मार्ग किती वापरायचा आणि कसा, यावर प्रत्येक संघाची एक पद्धत उभी असते.

नेब्रास्काची पद्धत धावण्याची होती. टॉम ऑस्बोर्न हे १९७३ ते १९९७ अशी २५ वर्षे मुख्य प्रशिक्षक होते. एकाही हंगामात त्यांचे विजय नऊच्या खाली गेले नाहीत, आणि १९९४, १९९५ व १९९७ साली त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यांच्या आक्रमणाचा गाभा ‘ऑप्शन’ हा होता. त्यात क्वार्टरबॅक चेंडू घेऊन कडेच्या दिशेने धावतो. समोरच्या एका खेळाडूला मुद्दामच कोणी अडवत नाही. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला तर चेंडू शेजारून धावणाऱ्या साथीदाराकडे टाकायचा. तो साथीदाराकडे वळला तर चेंडू स्वतःजवळ ठेवून आत घुसायचे. निर्णय एका पावलाच्या अवधीत घ्यावा लागतो. विचार करायला गेले की उशीर झालाच. म्हणून तो निर्णय डोक्यात ठेवून चालत नाही, तो अंगवळणी पडावा लागतो.

यासाठी ऑस्बोर्न यांनी उभी केलेली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. शिष्यवृत्ती असलेल्या खेळाडूंच्या जोडीला राज्यातल्या गावागावांतून आलेली, स्वतःच्या खर्चाने शिकणारी मुले मोठ्या संख्येने संघात असत. ‘वॉक-ऑन’ म्हणतात त्यांना. सरावात मैदानाच्या अनेक भागांत एकाच वेळी डाव चालत, त्यामुळे शेवटच्या फळीतल्या मुलाच्या वाट्यालाही भरपूर आवर्तने येत. दोन-तीन वर्षे असा घोटून निघालेला मुलगा मग मुख्य संघात उभा राहत असे. नेब्रास्कात मोठ्या व्यावसायिक स्पर्धांमधला एकही संघ नाही, त्यामुळे या संघावर साऱ्या राज्याचा जीव. मेमोरियल स्टेडियमची तिकिटे १९६२ पासून दर सामन्याला संपत आलेली आहेत.

ही पद्धत ऑस्बोर्न यांनी पहिल्या दिवसापासून वापरली, असेही नाही. सुरुवातीला त्यांचे संघ चेंडू फेकण्यावर बराच भर देत. ओक्लाहोमाकडून ते पहिली पाच वर्षे ओळीने हरले. धावणारा क्वार्टरबॅक समोरच्या बचावाला कसा कोड्यात टाकतो, हे त्यांनी त्या पराभवांतून ओळखले आणि ऑप्शन हळूहळू आपल्या आक्रमणात मुरवला. टर्नर गिल हा त्या वळणाचा क्वार्टरबॅक. त्याच्या शेवटच्या, १९८३ च्या हंगामात संघाने सामन्यामागे सरासरी ५२ गुण केले. म्हणजे नेब्रास्कानेही पद्धत बदललेली होती; पण काही हंगाम घेऊन, आणि प्रशिक्षक तोच ठेवून.

२००४ चा बदल वेगळा होता. तो विनाकारण झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २००१ च्या हंगामाअखेर विजेतेपदाच्या सामन्यात मायामीने नेब्रास्काला ३७–१४ असे हरवले. २००२ साली ७ विजय, ७ पराभव. बचावाचे खेळाडू चपळ झाले होते आणि व्यावसायिक खेळाचे स्वप्न पाहणाऱ्या क्वार्टरबॅकला ऑप्शन नकोसा वाटत होता. २००३ मध्ये ९ विजय आणि ३ पराभव अशा स्थितीत प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी बिल कॅलहन आले. व्यावसायिक ओकलंड रेडर्स संघाला जानेवारी २००३ मध्ये सुपर बोलपर्यंत नेणारे हे प्रशिक्षक. त्यांनी सोबत ‘वेस्ट कोस्ट’ पद्धत आणली. बिल वॉल्श यांनी घडवलेली ही पद्धत वेळेशी काटेकोर बांधलेल्या छोट्या फेकींवर चालते.

आता प्रत्यक्ष शरीरांकडे पाहू. वेस्ट कोस्टमध्ये क्वार्टरबॅक मोजून तीन, पाच किंवा सात पावले मागे जातो. शेवटचे पाऊल टेकताच चेंडू हातातून सुटायला हवा. साथीदार अजून वळलेलाही नसतो. पहिला साथीदार मोकळा नसेल तर दुसरा, मग तिसरा, असे ठरलेल्या क्रमाने पाहत जायचे. ऑप्शनमध्ये मुरलेल्या मुलाची नजर एका प्रतिस्पर्ध्यावर खिळलेली असते आणि पाय पुढे धावायला शिवशिवत असतात. लाईनमनचे तेच. ऑप्शनमध्ये तो वजन पुढे टाकून, खाली वाकून, समोरच्याच्या अंगात घुसतो. फेकीच्या डावात त्याला मागे सरकत, हात पुढे धरून, समोरच्याला थोपवत राहायचे असते. दोन्ही ‘अडवणे’च, पण एकासाठी घडवलेले पाय दुसऱ्याला नडतात. कडेचे रिसीव्हर तर आधी अडवण्यासाठी आणि मग चेंडू झेलण्यासाठी निवडलेले. शिवाय भाषाही नवी. या पद्धतीत एका डावाच्या पुकाऱ्यात रचना, हालचाल, संरक्षण आणि धावण्याच्या वाटा असे सगळे शब्द एकामागून एक येतात.

क्वार्टरबॅक जो डेली जुन्या पद्धतीसाठी आणलेला मुलगा होता. २००४ साली त्याच्या फेकींवर १७ टचडाउन झाले, आणि १९ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी झेलला. ऑक्टोबरमध्ये टेक्सस टेकने नेब्रास्काला ७०–१० असे हरवले. इतके गुण नेब्रास्काने त्याआधी कधीच दिले नव्हते. आक्रमण झटपट संपले की दमलेला बचाव पुन्हा मैदानात उतरतो, त्यामुळे आक्रमणाचे अपयश आक्रमणापुरते राहत नाही.

येथे मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेळेची बाब. व्यावसायिक संघात खेळणे हेच खेळाडूचे पोट. दिवसभर तो तेच करतो. विद्यापीठात मात्र हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, वसंतात १५ सराव. बाकी वेळ वर्ग, अभ्यास, परीक्षा. पूर्ण वेळच्या माणसांसाठी रचलेली पद्धत विद्यार्थ्यांच्या २० तासांत बसवायची होती. ऑप्शन थोड्या डावांची अगणित आवर्तने मागतो. वेस्ट कोस्ट पुष्कळ डाव मागते, म्हणजे प्रत्येक डावाच्या वाट्याला आवर्तने कमी.

पण पद्धत बदलली की पहिले वर्ष वाया जाणारच, असा नियम सांगता येत नाही. १९६८ साली टेक्सस विद्यापीठात डॅरेल रॉयल यांनी ‘विशबोन’ ही ऑप्शनची नवी रचना आणली. आखणी त्यांचे सहायक एमरी बेलार्ड यांची. पहिला सामना बरोबरीत, दुसरा हरला. मग क्वार्टरबॅक बदलला आणि पुढचे सलग ३० सामने जिंकले. ओक्लाहोमाने १९७० च्या हंगामाच्या मध्यातच विशबोन उचलला, टेक्ससकडून ४१–९ असा मार खाल्ला, आणि पुढच्याच वर्षी सामन्यामागे ४७२ यार्ड धावून काढले. अलाबामाने १९७१ साली तो गुप्तपणे बसवला आणि ११ सामने जिंकले. त्यांचा एकमेव पराभव झाला तो नेब्रास्काकडून.

या तिन्ही ठिकाणी दोन गोष्टी समान दिसतात. मुख्य प्रशिक्षक बाहेरून आलेला नव्हता. आपल्याकडे कोण आहे, हे त्याला ठाऊक होते. आणि नवी पद्धत हाताशी असलेल्या माणसांतून सुचलेली होती. टेक्ससकडे तीन उत्तम धावणारे गडी होते. तिघांना एकाच वेळी मैदानात कसे ठेवावे, या प्रश्नाला विशबोन हे उत्तर होते. नेब्रास्कात उत्तर आधी आले आणि माणसे नंतर शोधावी लागली.

दिशेचाही फरक पडतो, असे माझे मत बनले आहे. २००८ मध्ये जॉर्जिया टेकने फेकीच्या पद्धतीकडून ऑप्शनकडे उडी घेतली. प्रशिक्षक नवा होता, तरी पहिल्याच वर्षी ९ विजय. त्याच संघाने २०१९ मध्ये ऑप्शन सोडला तेव्हा ३ विजय आणि ९ पराभव; आणि त्यातला एक पराभव सिटाडेल या लहान सैनिकी महाविद्यालयाकडून, जे स्वतः ऑप्शनच खेळत होते. चांगला धावणारा बहुतेक संघांत सापडतो. वेळेवर फेकणारा, झेलणारे आणि मागे सरकत थोपवणारे, असा संच जुन्या पद्धतीने साठवलेलाच नसतो. तो भरती करून, वर्षे घालवून जमवावा लागतो.

अर्थात दिशाही सर्व काही ठरवत नाही. मिशिगनने २००८ मध्ये उलटा प्रवास केला : जागेवरून फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडून धावणाऱ्याकडे. प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ बाहेरून आलेले. जागेवरून फेकणारा क्वार्टरबॅक संघ सोडून गेला, तसा धावणारा अजून आलेला नव्हता. ३ विजय, ९ पराभव. तिसऱ्या वर्षी डेनार्ड रॉबिन्सन या क्वार्टरबॅकने १,७०२ यार्ड धावून काढले, म्हणजे आक्रमण शिकले होते; पण बचाव ढासळलेला होता आणि प्रशिक्षकांना काढण्यात आले. पुढच्या वर्षी जवळपास त्याच मुलांनी दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ११ सामने जिंकले. पेरले एकाने, कापणी दुसऱ्याची.

कॅलहन यांना चार वर्षे मिळाली. २००५ मध्ये त्यांनी झॅक टेलर हा फेकणारा क्वार्टरबॅक आणला. ८ विजय झाले, २००६ मध्ये ९. पद्धत चुकीची नव्हती, हे यातून दिसते. पण तोवर वॉक-ऑन मुलांची फळी विरळ करण्यात आली होती. कागदावर ती अनावश्यक वाटली असणार. शिष्यवृत्तीचे ८५ खेळाडू आहेतच की. पण सरावात मुख्य संघासमोर उभे राहणारे, चुका दाखवणारे, धाकट्यांना शब्द समजावणारे तेच होते. २००७ मध्ये आक्रमण धावा-फेकी दोन्ही करत असताना कॅन्ससकडून ३९–७६ असा पराभव झाला. हंगाम ५–७ असा संपला आणि कॅलहन गेले. नेब्रास्काने आपल्या गटाचे शेवटचे विजेतेपद १९९९ साली मिळवले होते; म्हणजे घसरण बदलाच्या आधीच सुरू झाली होती. बदलाने ती थांबवली नाही आणि जे टिकून होते तेही विस्कटले.

या साऱ्या हिशेबात एक रकाना नेहमी रिकामा राहतो. प्रशिक्षकाला करार असतो, तो मोडला तर भरपाई मिळते. विद्यापीठाला पुढचा हंगाम असतो. खेळाडूला मात्र चारच हंगाम असतात. एका पद्धतीसाठी निवडलेल्या, तिच्यासाठी शरीर घडवलेल्या विशीतल्या मुलाला मध्येच दुसरी पद्धत देतात, तेव्हा त्या बदलाची किंमत तो आपल्या चारांतल्या एका वर्षाने चुकवतो. जो डेलीने पुढे नेब्रास्का सोडले आणि नॉर्थ कॅरोलिनाकडून तो रिसीव्हर म्हणून खेळला. ते १९ झेल त्याच्या नावावर नोंदले गेले. नोंदवहीत पद्धतीच्या नावाने रकाना नसतो.

म्हणून नवी मांडणी आल्यावर संघ का अडखळतो, असे कोणी विचारले तर मी फळ्यावरची आकृती पाहत नाही. जुनी पद्धत कुणाच्या पायांत साठली होती, नवी कुणाच्या पायांत बसायची आहे आणि त्यासाठी किती तास दिले आहेत, एवढे तीन प्रश्न मी विचारतो. पहिल्या वर्षाचा निकाल बहुतेक वेळा त्यांच्या उत्तरांत आधीच लिहिलेला असतो.