वसईचा पाडाव आणि मुंबईकर इंग्रजांची शिष्टाई (१७३९)

तुळिंज हे आज वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीतील, नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेकडील दाट वस्तीचे ठिकाण आहे. वसईचा कोट तेथून दक्षिणेस अदमासे तीन कोसांवर. वसई-सोपाऱ्याचा हा मुलूख अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात मोडत असे. मे १७३९ मध्ये वसई चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाली आणि तो मराठी राज्यात आला. वसईच्या मोहिमेविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु ते बहुधा कोट सर होताच थांबते. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मराठे व मुंबईकर इंग्रज यांच्यात जे युद्ध होऊ शकले असते आणि झाले नाही, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

संघर्ष पेटण्यापूर्वीच त्याची कारणे बोलण्याने दूर करण्याच्या उद्योगास हल्ली प्रतिबंधक राजनय म्हणतात. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव डाग हॅमरशोल्ड यांनी १९६० च्या सुमारास ही कल्पना रूढ केली आणि १९९२ मध्ये बुत्रोस घाली यांनी तिला व्यापक रूप दिले. पेशवे दप्तराला ही संज्ञा अर्थातच अपरिचित होती. परंतु वकील, तह, सलूख हे शब्द तेथे नित्याचे होते. ते सारे फारसी-अरबी परंपरेतून आलेले. त्यांतील वकील या शब्दाचा मूळ अर्थ ज्याच्यावर काम सोपविले तो, असा आहे. धन्याचा अधिकार व समोरच्याचा विश्वास ही दोन्ही त्याच्यापाशी असावी लागत. १७३९ च्या घटनांचा उलगडा करताना हा अर्थ ध्यानी ठेवणे उपयुक्त ठरते.

प्रथम एक अयशस्वी प्रयत्न पाहू. १७३० पासून मराठे व पोर्तुगीज यांच्यात उत्तर कोकणात जो झगडा सुरू झाला, तो मुंबईचा गव्हर्नर रॉबर्ट कोवन याच्या मध्यस्थीने जानेवारी १७३२ मधील तहाने मिटविण्यात आला. मिटविण्यात आला, असे केवळ म्हणावयाचे. साष्टी व वसई यांवर सत्ता कोणाची, हा मूळ प्रश्न त्या तहाने जेथल्या तेथेच ठेवला होता. १७३७ च्या वसंतात मराठी फौजा साष्टीत उतरल्या आणि पाच वर्षांची ती शांतता संपली.

वसईच्या वेढ्यात इंग्रजांचे वर्तन दुटप्पी होते. उघडपणे तटस्थ राहून त्यांनी पोर्तुगीजांना दारूगोळा पुरविला आणि पंधरा हजार रुपयांचे कर्जही दिले. तेही चर्चमधील चांदीची उपकरणी व पितळी तोफा तारण घेऊन. शेजाऱ्याच्या संकटातही हिशेब न चुकविणारी ही व्यापारी वृत्ती पुढील घटनांची किल्ली आहे. वसई पडताच मुंबईत भीती पसरली. शहराभोवती खंदक खणण्यासाठी तेथील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी केली. मराठी तोफा आता खाडीपलीकडे आल्या होत्या आणि पोर्तुगीजांना केलेली मदत चिमाजी आप्पांपासून लपून राहिली नव्हती.

गव्हर्नर स्टीफन लॉ याने खंदकावर विसंबून न राहता दोन वकील रवाना केले. कॅप्टन जेम्स इंचबर्ड वसईस चिमाजी आप्पांकडे गेला; कॅप्टन विल्यम गॉर्डन छत्रपती शाहू महाराजांकडे गेला. गॉर्डनच्या कामाचे स्वरूप निर्मळ नव्हते. पेशव्यांच्या वाढत्या सत्तेविषयी छत्रपतींच्या दरबारात असूया कितपत आहे याचा शोध घ्यावा व जमल्यास ती वाढवावी, असाही त्या वकिलातीचा हेतू होता. इंचबर्डचे काम मात्र सरळ वाटाघाटीचे होते. १२ जुलै १७३९ रोजी त्याने केलेल्या तहाने इंग्रजांना पेशव्यांच्या मुलखात मुक्त व्यापाराची सवलत मिळाली आणि मुंबईवरील संकट टळले.

हे यश केवळ इंचबर्डच्या चातुर्याचे मानणे एकांगी होईल. त्याच वर्षी नादिरशहाने दिल्ली लुटली होती. बाजीरावांची दृष्टी उत्तरेकडे लागलेली होती आणि वसईत गुंतलेली फौज मोकळी होणे त्यांना अगत्याचे होते. मुंबई घेण्यास आरमार हवे, आणि आंग्रे बंधूंच्या दुहीमुळे मराठ्यांचे सागरी बळ दुभंगलेले होते. दोन्ही पक्षांना युद्ध नको होते. परंतु हे परस्परांना कळण्यासाठी कोणीतरी आधी बोलणे आवश्यक होते. दुर्बळ पक्षाने, शत्रू दाराशी येण्याची वाट न पाहता, हा पुढाकार घेतला. १७३२ च्या मध्यस्थाला जे साधले नाही ते येथे साधले, याचे कारण येथे देण्याघेण्याची वस्तू स्पष्ट होती: एकास व्यापार, दुसऱ्यास निर्वेध किनारा. पुढील वर्षी पोर्तुगीज व मराठे यांच्यातील अखेरच्या तहातही इंचबर्डच मध्यस्थ होता. चौल मराठ्यांच्या हाती गेले ते त्यानंतर.

ही शांतता पस्तीस वर्षे टिकली. १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग घेतल्यावर त्याच्या ताब्यावरून कलह उद्भवला, तोही त्याच वर्षी पुण्यास तह करून निवळला. इंग्रजांनी विजयदुर्ग सोडला, बाणकोट त्यांच्याकडे राहिले. परंतु १७७२ मध्ये टॉमस मॉस्टिन पुण्यास आला तो साष्टी व वसई मिळविण्याची आज्ञा घेऊन. इंचबर्ड भयापोटी बोलावयास आला होता, मॉस्टिन लोभापोटी. नारायणरावांच्या खुनानंतर पुण्याचा दरबार फुटलेला पाहून, पोर्तुगीज आपला गेलेला मुलूख परत घेणार अशी सबब पुढे करीत, मुंबईकरांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी रघुनाथरावांकडून वसई व साष्टी लिहून घेतली. कलकत्त्याच्या कौन्सिलने हे युद्ध अमान्य केले, कर्नल अप्टनला पाठविले, १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. तथापि आग लागून गेली होती. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसई घेतली. सालबाईच्या तहाने (१७८२) ती मराठ्यांकडे परतली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.