‘शोले’चे पार्श्वसंगीत : ध्वनिमुद्रिका, श्रोतृवर्ग आणि पनवेलचा प्रसंग

ऐतिहासिक साधनांचा विचार करताना आपण सामान्यतः दफ्तरे, नाणी, शिलालेख व पत्रव्यवहार यांचा निर्देश करतो. ध्वनीचा निर्देश क्वचितच होतो. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताची तर याहूनही अधिक उपेक्षा झाली आहे. गीत ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने घरोघर पोचते व त्याच्या कर्त्यांची नावे छापली जातात; प्रसंगामागे वाजणारे संगीत मात्र प्रसंगाबरोबरच विरून जाते. अशा संगीताची स्मृती श्रोत्यांनी कशी जपली, आणि ते पुनःपुन्हा प्रकाशित झाले तेव्हा त्यांनी त्यापासून कोणती अपेक्षा केली, याचा विचार ‘शोले’ (१९७५) या चित्रपटाच्या आधारे करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

हा चित्रपट निवडण्यास एक स्थानिक कारणही आहे. त्याच्या चित्रणास ऑक्टोबर १९७३ मध्ये प्रारंभ झाला व पुष्कळसे चित्रण कर्नाटकात रामनगरच्या परिसरात झाले. परंतु आगगाडीवरील हल्ल्याचा सुप्रसिद्ध प्रसंग तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील पनवेलजवळच्या लोहमार्गावर चित्रित करण्यात आला व त्यास सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. या प्रसंगात बोलणे थोडे आहे. इंजिनाचा घरघराट, घोड्यांच्या टापा, गोळीबार आणि वाद्यवृंद यांनीच तो तोलून धरला आहे. पार्श्वसंगीत हे कथनाचे अंग कसे बनते, हे पाहावयाचे असेल तर पनवेलच्या या प्रसंगाइतके उत्तम उदाहरण मिळणे कठीण.

या संगीतामागील परंपरा संमिश्र होती. संगीतदिग्दर्शक राहुलदेव बर्मन यांच्या साहाय्यकांत बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग व मारुतीराव कीर हे प्रमुख होते. मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे ख्रिस्ती व मुंबईचे पारशी वादक पाश्चात्त्य स्वरलेखन वाचून वाजवीत. त्यांच्या शेजारी तबला-ढोलकीचे वादक बसत. विद्युत्‌वाद्यांचा प्रवेशही या काळापूर्वीच झाला होता. ‘नागिन’ (१९५४) मधील पुंगीचा स्वर कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हायोलिन या विद्युत्‌वाद्यावर काढला होता. आणि १९७० नंतरच्या दशकात मूग सिंथेसायझर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत रूढ करण्याचे श्रेय केर्सी लॉर्ड यांस दिले जाते. ‘शोले’त बसंतीच्या टांग्याच्या पाठलागामागे पंडित सामताप्रसाद यांचा तबला आहे, तर जयच्या ओठांवरील माउथ ऑर्गन वस्तुतः भानू गुप्त यांनी वाजविला आहे. ध्वनिमिश्रणाच्या कामात मंगेश देसाई यांच्यासारख्या कसबी तंत्रज्ञाचा हात होता. एकाच चित्रपटात इतक्या भिन्न परंपरा एकत्र नांदल्या, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. पॉलिडोर कंपनीने गीतांची ध्वनिमुद्रिका काढली. तीत श्रेयनामावलीचे संगीत तेवढे स्वतंत्रपणे समाविष्ट होते. आरंभी तिचा खप अपेक्षेप्रमाणे झाला नाही. प्रेक्षक चित्रपटगृहाबाहेर पडताना गाणी नव्हे, तर संवाद घोळवीत आहेत, हे ध्यानी आल्यावर कंपनीने संवादांचीच ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. तिला अपूर्व लोकप्रियता लाभली. उत्सवांच्या मंडपांतून व हॉटेलांतून ती ध्वनिक्षेपकांवर वाजू लागली. येथे एक गोष्ट सहसा दृष्टीआड होते. संवाद चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरूनच घेतले गेल्यामुळे त्यांच्या आधाराने पार्श्वसंगीताचे तुकडेही श्रोत्यांच्या कानी वारंवार पडले. गब्बरच्या प्रवेशाशी निगडित असा तो लांबलेला, अस्वस्थ करणारा स्वर लोकांच्या परिचयाचा झाला, तो याच मार्गाने. म्हणजे पार्श्वसंगीताचे पहिले व्यापक प्रकाशन जणू अनवधानाने घडले, आणि ते श्रोत्यांच्या मागणीमुळे घडले.

तथापि या प्रकाशनाची मर्यादाही स्पष्ट आहे. जेथे शब्द नाहीत तेथे संवादांच्या ध्वनिमुद्रिकेस फारसे प्रयोजन उरत नाही. पनवेलचा प्रसंग, टांग्याचा पाठलाग, हवेलीतील दिवे मालवले जात असतानाचा माउथ ऑर्गन, हे सर्व मुख्यतः निःशब्द प्रसंग होत. ज्या ठिकाणी संगीताने सर्वाधिक कार्य केले, तेच भाग ऐकण्यासाठी श्रोत्यास पुन्हा चित्रपटगृहाकडेच वळावे लागले.

पुढे कॅसेट व सीडीच्या युगात जुनी चित्रपटसंगीते नव्या वेष्टनांत आली. १९९८ साली अमेरिकेत कल्याणजी-आनंदजी यांच्या मारधाडीच्या चित्रपटांतील संगीत ‘बॉम्बे द हार्ड वे’ या नावाने निघाले. परंतु त्यात नव्या तालवाद्यांची भर घातली होती व तुकड्यांना नवी इंग्रजी नावे दिली होती. त्यामुळे या संगीतास परदेशात नवा श्रोता मिळाला खरा. पण कोणता तुकडा कोणत्या प्रसंगाचा, हा दुवा तुटला. ‘शोले’च्या बाबतीतही असाच प्रश्न उपस्थित झाला. जानेवारी २०१४ मध्ये चित्रपट त्रिमिती रूपात प्रदर्शित झाला, तेव्हा दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनीच त्यास न्यायालयात विरोध केला होता. याउलट २७ जून २०२५ रोजी इटलीतील बोलोन्या येथे दाखविण्यात आलेल्या पुनरुद्धारित प्रतीसाठी फिल्म हेरिटेज फाउंडेशनने मूळ सामग्रीचा शोध घेतला व ध्वनीसाठी मूळ ध्वनिपट्ट्यांचा आधार घेतला.

या सर्व काळात रसिकांची चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे : ऐकू येते ते मूळचेच आहे काय, आणि ते कोणी वाजविले? गब्बरचा तो स्वर कोणत्या वाद्याचा, याविषयी आजही रसिकांत वाद होतात. याचे कारण उघड आहे. ध्वनिमुद्रिकेवर वादकांची नावे छापण्याचा प्रघातच नव्हता. हे प्रश्न केवळ हौशी कुतूहलाचे मानून दूर सारणे योग्य होणार नाही. साधनाची अस्सलता आणि कर्तृत्वाचा निर्णय हे इतिहाससंशोधकाचेही पहिले दोन प्रश्न असतात. अभ्यासकांच्या आधी ते श्रोत्यांनी विचारले, एवढेच.

या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारे साक्षीदार झपाट्याने कमी होत आहेत. बर्मन १९९४ साली, मनोहारी सिंग २०१० साली, केर्सी लॉर्ड २०१६ साली व भानू गुप्त २०१८ साली निवर्तले. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, ही मोलाची गोष्ट होय. परंतु वादकांशी मराठीतून बोलून केलेल्या अशा कामास अद्याप पुष्कळ वाव आहे. पनवेल परिसरात ते सात आठवडे प्रत्यक्ष पाहिलेल्या वृद्धांच्या आठवणी टिपून घेणे आणि हयात वादकांना एकेक प्रसंग ऐकवून कोणते वाद्य कोणी वाजविले याची नोंद करणे, हे काम आपल्या विद्यार्थ्यांना सहज साधण्याजोगे आहे. मूळ ध्वनिपट्टी हाती आली, तरी तिच्यावरील वादकांची नावे या नोंदींवाचून सापडणार नाहीत. आणि या नोंदी पुढील पिढीला करता येणार नाहीत.